कुत्र्यांसाठी घरची गारेगार फळं: काय द्यावं, किती द्यावं, कसं गोठवावं

तुमचा प्रश्न असा आहे: नागपूरच्या मे महिन्यात घरची चार वर्षांची, २८ किलोची लॅब्रॅडॉर दुपारभर धापा टाकत पडलेली असते. आईंकडे बारा वर्षांचा, चार किलोचा पॉमेरेनियन आहे. दोघांसाठी फळं गोठवून रोज दिली तर चालतील का, त्यात दूध-दही घालावं का, किती द्यावं, आणि एवढं केल्यावर त्यांना ऊन लागणार नाही असं धरून चालावं का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची कृती त्यावरच ठरते. नाही, तसं धरून चालू नका. गोठवलेलं फळ चाटताना कुत्र्याला बरं वाटतं, कंटाळवाणी दुपार सरते, पण त्याने अंग फारसं थंड होत नाही. हिशेबच मांडतो. फ्रीझरमधला १०० ग्रॅम बर्फ पोटात जाऊन वितळला आणि अंगाइतका कोमट झाला, की तो साधारण १३ किलोकॅलरी उष्णता शोषतो. तुमची लॅब्रॅडॉर काहीही न करता नुसती लोळत राहिली तरी तासाला ३५ किलोकॅलरीच्या आसपास उष्णता तयार करते. म्हणजे वाटीभर बर्फाने तिची जेमतेम वीस-बावीस मिनिटं निभावली. आता तेच १०० ग्रॅम पाणी धापा टाकताना जिभेवरून आणि तोंडातून वाफ होऊन गेलं, तर ५८ किलोकॅलरी सोबत घेऊन जातं. चौपटीहून जास्त. प्यायलेलं सगळं पाणी वाफ होत नाही, लघवीतूनही जातं, हे मान्य. तरी यातून एक गोष्ट सरळ कळते: बर्फाच्या गारव्यापेक्षा त्यातून पोटात जाणारं पाणी कामाचं आहे. फळ असतं ते त्या पाण्याला वास आणि चव यावी म्हणून.

हे एकदा पटलं की घरोघरी होणारी पहिली गफलत आपोआप टळते. लोक आंब्याचा किंवा केळ्याचा घट्ट गर तसाच साच्यात ओततात, वर मध घालतात, आणि कुत्र्याला गोठवलेली मिठाई देतात. पाणी थोडं, साखर भरपूर. करायचं आहे ते उलट: निम्मं फळ, निम्मं पाणी. कुत्र्याला गोड चव कळते (मांजराला कळत नाही, म्हणून मांजराचं मन या खाऊत रमत नाही), आणि त्याचं नाक एवढं तिखट असतं की पाणी घालून पातळ केलेल्या कलिंगडाच्या वासानेही ते धावत येतं. माणसाला जे फिकं लागेल ते त्याला पुरेसं असतं.

आपल्याकडे विदर्भात हवा कोरडी असते, त्यामुळे धापेतून पाणी भराभर उडतं. म्हणून अंग थंड राहतं, पण पाणीही तितकंच लागतं. मुंबईत किंवा कोकणात पारा सहसा ३४च्या फारसा वर जात नसला तरी दमट हवेत वाफ नीट होत नाही. तिथे राहणारे नातेवाईक ‘आमच्याकडे काय, तुमच्यासारखं ऊन नाही’ म्हणून निर्धास्त असतात, आणि त्यांचा पग मात्र ३४ डिग्रीलाच जीव टाकत असतो. नाक चपटं असलेल्या कुत्र्यांची, म्हणजे पग, बुलडॉग, शित्झू यांची धाप मुळातच अपुरी पडते. त्यांना खाऊ काय द्यायचा यापेक्षा त्यांची खोली किती थंड आहे ते आधी बघा.

आता फळं. उन्हाळ्यात आपल्या बाजारात मिळणारं सगळ्यात सोयीचं फळ कलिंगड, म्हणजे आपलं टरबूज. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि १०० ग्रॅममागे उष्मांक ३० किलोकॅलरी. बिया काढा, हिरवी साल आणि तिच्या आतला पांढरा कडक भागही काढा. साल कुत्रं आवडीने कुरतडतं, पण मोठा तुकडा गिळला तर तो पोटात अडकतो. खरबूज जवळजवळ तितकंच चांगलं, ३४ किलोकॅलरी. पिकलेली पपई चालते, फक्त काळ्या बिया खरवडून टाका. सफरचंदाचा मधला गाभा आणि बिया काढल्या की तेही चालतं, पण मे महिन्यात महागडं सफरचंद आणण्यात मला काही अर्थ दिसत नाही. चिकू चालतो, पण तो फार गोड, आणि त्याची बी टोकाला आकड्यासारखी असते, ती एकही आत जाऊ देऊ नका. केळं चालतं. त्याचे १०० ग्रॅममागे ९० किलोकॅलरी होतात, म्हणून ते मुख्य फळ न ठेवता चवीपुरतं वापरा. संत्र्याची एखादी फोड खाल्ली तर बिघडत नाही, पण साल-बिया देऊ नका. आंबटपणामुळे बहुतेक कुत्री तोंड फिरवतातच, त्यामुळे ते गोठवण्याच्या भानगडीत पडू नका.

आंब्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या घरात मे महिन्यात आंबा नाही असं होत नाही. गर कुत्र्याला चालतो. १०० ग्रॅममागे साधारण ६० किलोकॅलरी आणि बऱ्यापैकी साखर, एवढं लक्षात ठेवायचं. धोका कोयीचा आहे. मध्यम आणि मोठ्या कुत्र्याला कोय गिळता येते, पण ती आतड्यात पुढे सरकत नाही. मग उलट्या सुरू होतात, जेवण बंद होतं, आणि एक्स-रेवर कोय स्पष्ट दिसेलच असं नाही. सोनोग्राफी करावी लागते, आणि बहुतेक वेळा पोट उघडावं लागतं. माझ्या दवाखान्यात उन्हाळ्यात जे आंब्याचे रुग्ण येतात, त्यात मालकाने हाताने आंबा दिला म्हणून आजारी पडलेला क्वचितच असतो. रस काढून झाल्यावर कोयी-सालींची बादली ओट्याखाली राहते आणि रात्री कुत्रं तिथे पोचतं, असंच जास्त घडतं. लॅब्रॅडॉर घरात असेल तर आमरसाच्या दिवशी कचरा लगेच घराबाहेर गेला पाहिजे. आणि आणखी एक: घरचा तयार आमरस कुत्र्याला देऊ नका. त्यात साखर असते, दूध असतं, आणि बऱ्याच घरांत जायफळ असतं. जायफळ कुत्र्याला विषारी आहे. साखर-जायफळ पडायच्या आधी दोन चमचे गर वेगळा काढून ठेवा, काम झालं. श्रीखंडालाही हेच कारण लागू.

ज्यांच्या वाटेला अजिबात जायचं नाही त्यात द्राक्षं आणि मनुका-बेदाणे पहिले. नाशिक-सांगलीचा माल फेब्रुवारी ते एप्रिल स्वस्त असतो, फ्रीझरमध्ये गोठवलेली द्राक्षं मुलांचा आवडता खाऊ असतो, आणि त्यातली चार कुत्र्याला सहज दिली जातात. द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती द्राक्षं खाल्ल्यावर असं होतं याचा भरवशाचा आकडा नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं थोडक्यातच आजारी पडतं. याचं कारण द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं असं २०२१पासून मानलं जाऊ लागलं आहे. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणून चिंचेचं सार, चिंचेचा कोळ, चिंचेच्या गोळ्या हेही कुत्र्यापासून लांब ठेवा. कुत्र्याने द्राक्षं किंवा मनुका खाल्ल्याचं कळलं तर उलटी होण्याची वाट बघू नका. पहिल्या दोन तासांत दवाखान्यात आणलं तर औषधाने उलटी करवून बरंचसं बाहेर काढता येतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा प्रयत्न करू नका, जास्त मिठाने वेगळीच विषबाधा होते.

दुसरी गोष्ट झायलिटॉल. हे साखरेऐवजी वापरतात. ‘शुगर फ्री’ लिहिलेलं च्युइंगगम, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर, काही सरबतं यांत ते असतं. माणसाला त्याचं काही होत नाही, कुत्र्याची रक्तशर्करा मात्र अर्ध्या-एक तासात धोकादायक घसरते आणि पुढे यकृतावर परिणाम होतो. डब्यावर झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई ९६७ असं काही दिसलं तर ती वस्तू कुत्र्याच्या खाऊत घालू नका. आमच्याकडे मधुमेही आजोबा असलेल्या घरांत ही चूक होते: सगळं शुगर फ्री आणलेलं असतं, आणि ‘साखर नाही ना, मग कुत्र्यालाही चांगलं’ असं वाटतं.

बाकी चॉकलेट सिरप, रोझ सिरप, उसाचा रस, पन्हं, बाजारची कुल्फी आणि आइस्क्रीम यांतलं काही द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. शहाळ्याचं पाणी धडधाकट कुत्र्याला दोन-चार चमचे चालतं, पण त्यात पोटॅशियम बरंच असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या किंवा हृदयाची औषधं चालू असलेल्या कुत्र्याला ते विचारल्याशिवाय देऊ नका.

दुधाबद्दल विचारलंत. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. उन्हाळ्यात जुलाब म्हणजे पाणी घालवणं, म्हणजे आपण जे मिळवायला निघालो त्याच्या नेमकं विरुद्ध. दह्यात ती साखर कमी झालेली असते, आणि दही फडक्यात बांधून टांगलेल्या चक्क्यात आणखी कमी. म्हणून घरचं साधं, बिनसाखरेचं दही थोडं घाला. ताक घातलंत तरी चालेल, पण मीठ, आलं-मिरची, हिंग, फोडणी यांच्या आधीचं. दह्याचा दुसरा फायदा गोठवताना होतो, तो पुढे सांगतो.

किती द्यायचं? नियम असा की दिवसभरातला वरचा सगळा खाऊ मिळून रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत राहावा. २८ किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या लॅब्रॅडॉरला दिवसाला १२०० ते १३५० किलोकॅलरी पुरतात. त्याचे १० टक्के म्हणजे १२० ते १३५. कागदावर यात ४०० ग्रॅम कलिंगड बसतं. पण तुम्ही तिला बिस्किटं देता, पोळीचा तुकडा देता, मुलं ताटातलं देतात, हे मी न विचारताच धरून चालतो. म्हणून फळ दिवसाला १०० ग्रॅमपर्यंत ठेवा. त्यात पाणी मिसळून २०० ग्रॅमचा खाऊ होतो आणि दोन वेळा पुरतो. लॅब्रॅडॉर जात खादाड आणि लठ्ठ होणारी. आणि लठ्ठ कुत्र्याला ऊन जास्त लागतं, कारण चरबी उष्णता धरून ठेवते. उन्हाळ्याच्या नावाखाली तिचं वजन दोन किलो वाढलं तर आपण तिचं नुकसानच केलं. तिची फासळी हाताला सहज लागत नसेल, तर फळाऐवजी काकडी किसून वापरा. कापल्यावर आधी स्वतः चाखा, कडू निघाली तर टाकून द्या.

पॉमेरेनियनचा हिशेब फार लहान आहे. चार किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला २८० किलोकॅलरीच्या आसपास लागतात, म्हणजे खाऊला २८ मिळाल्या. एक चमचा आंब्याचा गर किंवा तीन-चार चमचे कलिंगड, एवढंच. पण त्याला काहीही सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. बारा वर्षांच्या कुत्र्यात मधुमेह, मूत्रपिंडाची कमजोरी किंवा हृदयाचा त्रास बाहेरून न दिसताही असू शकतो, आणि या तिन्हीत फळाचं उत्तर वेगवेगळं येतं. मधुमेह असेल तर फळ बंदच. या जातीत श्वासनलिका ढिली पडण्याचाही त्रास असतो. अशी कुत्री घाईने गार काही खाल्लं की हंसासारखा आवाज करत खोकत सुटतात. आईंच्या पॉमेरेनियनला असा खोकला असेल तर त्याला गोठवलेलं देऊच नका, फळ-पाण्याचं तेच मिश्रण न गोठवता नुसतं फ्रीजमध्ये गार करून ताटलीत द्या. तसं देऊनही पाणी पोटात जातंच.

आता कृती. इथे एक पेच आहे. साखर जास्त असली की मिश्रण मऊ गोठतं, आपण पाणी घालून पातळ केलं की ते टणक गोठतं. आणि टणक बर्फ कुत्र्याच्या दाताला वाईट. वरच्या जबड्यात मागे जो मोठा दात असतो, ज्याने कुत्रं हाडं फोडतं, तो टणक वस्तू चावताना चिरतो. उघडा पडलेला दात दुखतो, पुढे डोळ्याखाली सूज येते, आणि भूल देऊन तो काढावा लागतो. म्हणून फ्रीझरमधला चौकोनी तुकडा थेट तोंडात देणं मला पसंत नाही. लॅब्रॅडॉर तो एक तर कडाकड फोडते किंवा अख्खा गिळते, दोन्ही नको.

माझी पद्धत खरवडलेल्या बर्फाची. बिया काढलेल्या कलिंगडाच्या दोन वाट्या फोडी आणि दोन वाट्या पिण्याचं पाणी मिक्सरमधून फिरवा. गाळू नका. स्टीलच्या पसरट ताटात अर्धा इंच जाडीचा थर होईल इतकं ओता आणि फ्रीझरमध्ये ठेवा. तासाभराने कडा गोठायला लागतात, तेव्हा काट्याने सगळं खरवडून हलवा. पुढे दर अर्ध्या तासाने दोन-तीन वेळा तसंच करा. शेवटी बर्फगोळ्यात असतो तसा भुसभुशीत चुरा तयार होतो. तो झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याचा गठ्ठा झालेला असेल, तर देण्याआधी दहा मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा काट्याने मोकळा करा. एवढा व्याप नको असेल, तर ट्रेमध्ये तुकडे गोठवा आणि देताना मिक्सरमध्ये एक-दोन झटके फिरवून त्यांचा चुरा करा. काहीही दिलंत तरी आधी अंगठ्याचं नख रोवून बघा. खूण उमटली तर द्या, नाही उमटली तर थोडं थांबा.

आंब्यासाठी: दोन चमचे गर, दोन चमचे दही, एक वाटी पाणी, रवीने चांगलं घुसळून. घुसळताना हवा शिरते, आणि दह्यामुळे मिश्रण तितकं टणक होत नाही, म्हणून हे खरवडावं लागत नाही. हे मी पोकळ रबरी खेळण्यात गोठवायला सांगतो. खेळण्याला दोन्ही बाजूंनी भोक असलेलंच घ्या. एका बाजूला केळ्याचा छोटा तुकडा दाबून बसवला की बूच होतं, मग ओतून फ्रीझरमध्ये उभं ठेवायचं. एकच भोक असलेल्या भांड्यात चाटता चाटता जीभ आत ओढली जाऊन अडकू शकते. असं खेळणं लॅब्रॅडॉरला बराच वेळ पुरतं, आणि ती चाटते, गिळत नाही. दुपारच्या चार भिंतींत कोंडलेल्या कुत्र्यासाठी हा उद्योग मला फळापेक्षाही मोलाचा वाटतो. सिलिकॉनची खाचांची चाटण-चटई मिळते, तिच्यावर पातळ थर लावून गोठवला की पॉमेरेनियनसारख्या दात हललेल्या कुत्र्यालाही झेपतो.

कुल्फीच्या साच्यात काडी घालून कांडी करायची कल्पना दिसायला छान, पण काडी कुत्र्याच्या पोटात जाते. काडी नको. अगदी गोल, तोंडात नेमका बसेल एवढा गोळाही नको, तो घशात बसतो. आणि फ्रीझरमधून काढलेलं धातूचं भांडं तसंच समोर ठेवू नका, ओली जीभ त्याला चिकटते. दुसऱ्या वाटीत काढून द्या.

फळच हवं असंही नाही. कोंबडीचे तुकडे नुसत्या पाण्यात उकडून, ते पाणी फ्रीजमध्ये गार करून, वरची चरबी काढून टाकून दुप्पट पाण्याने पातळ केलं आणि गोठवलं, तर बहुतेक कुत्री आंबा-कलिंगड सोडून त्याच्याकडे धावतात. साखर शून्य. मधुमेही आणि लठ्ठ कुत्र्यांना मी हेच सांगतो. कांदा, लसूण, मीठ, मसाला यातलं काहीही त्यात नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

कोणतंही फळ पहिल्यांदा देताना एकटंच द्या, एक चमचा, आणि दोन दिवस शी कशी होते ते बघा. ठीक असेल तर पुढचं. चार फळांचं मिश्रण पहिल्याच दिवशी दिलं आणि पोट बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कळणार नाही.

वेळेबद्दल. बाहेरून फिरून आल्या आल्या, जीभ लोंबत असताना गोठवलेलं देऊ नका. त्या धांदलीत ती हवेसकट घटाघटा गिळते आणि ठसका लागतो किंवा उलटी होते. आधी साधं पाणी, कूलरसमोर पंधरा-वीस मिनिटं, धाप शांत झाली की खाऊ. गार पाण्याने किंवा बर्फाने कुत्र्याचं पोट फुगून पिळा पडतो, असं बरेच जण सांगतात. थंडीमुळे तसं होत नाही. घाईने भरपूर खाणं-पिणं हे मात्र खोल छातीच्या जातींना, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांना त्रासदायक ठरू शकतं. दोन्ही कुत्री एका घरात आली असतील तेव्हा त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत द्या. एरवी जिवाभावाची असलेली कुत्री अशा खाऊवरून भांडतात, आणि २८ किलो विरुद्ध चार किलो हे भांडण होऊ देण्यासारखं नाही. खाऊन झालं की फरशी आणि कुत्र्याचे पंजे ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर अर्ध्या तासात मुंग्यांची रांग येते.

आणि हे सगळं रोजच्या पाण्याशिवाय नाही, त्याच्या जोडीला आहे. एवढ्या वजनाच्या कुत्रीला एरवीही दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी लागतं, मे महिन्यात त्याहून जास्त. घरात दोन-तीन जागी पाणी ठेवा, त्यातलं एक मातीच्या पसरट भांड्यात.

ऊन लागल्याची लक्षणं माहीत असू द्या, कारण तेव्हा हा खाऊ चुकूनही द्यायचा नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५-१०६च्या पुढे गेलं की जिवाचा प्रश्न. धाप थांबत नाही, लाळ दोरीसारखी चिकट येते, हिरड्या आधी लालभडक आणि नंतर फिक्या किंवा निळसर दिसतात, चाल लटपटते, उलटी होते, कधी रक्ताची शी होते. अशा वेळी आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत घेऊन अंगभर पाणी ओता, पोटाला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूलाही, आणि पंखा किंवा कूलर थेट अंगावर लावा. नागपुरात एक अडचण असते: दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत झालेलं असतं. म्हणून उन्हाळाभर एक-दोन बादल्या सकाळीच भरून सावलीत ठेवा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, काही मिनिटांत तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. शुद्धीत असेल आणि स्वतःहून पीत असेल तर पाणी पिऊ द्या, तोंडात ओतू नका, आणि बर्फ किंवा फळाचा चुरा तोंडात कोंबू नका. गुंगीतल्या कुत्र्याच्या फुप्फुसात तो जातो. थर्मामीटर असेल तर १०३ला आल्यावर पाणी थांबवा. मग गाडीत खिडक्या उघड्या ठेवून किंवा एसी लावून निघा. कुत्रं उठून शेपूट हलवायला लागलं तरी न्या. मूत्रपिंडं, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांतले बिघाड पुढच्या दोन-तीन दिवसांत वर येतात.

पॉमेरेनियनचे केस उन्हाळा आला म्हणून मुळापासून उतरवू नका, असं आईंना सांगा. दाट केस ऊनही अडवतात, आणि या जातीचे केस एकदा मशीनने काढले की कधी कधी नीट परत येत नाहीत. विंचरून खालची गळणारी लव काढली की पुरे.

राहता राहिलं साठवणं. घरच्या फ्रीझरमध्ये फळाचा चुरा दोन-तीन आठवडे नीट राहतो, दही घातलेला एका आठवड्यात संपवा. डब्यावर तारीख लिहा. मे महिन्यात वीज तासनतास जाते, आणि वितळून पुन्हा गोठलेला खाऊ बाहेरून ओळखू येत नाही. त्यासाठी एक वाटी पाणी फ्रीझरमध्ये गोठवून तिच्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून द्या. बाहेरगावाहून परत आल्यावर नाणं वरच दिसलं तर डबा वापरा. बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर तो सगळा माल टाकून द्या आणि नव्याने करा.